पाचवा खडा

गावातली शेवटची विहीर आटली त्या सकाळी म्हातारीने रिकामी घागर अंगणात अशी आपटली, की कोंबड्या उडून छपरावर जाऊन बसल्या.

"दोन तास रांगेत उभी राहिले, आणि पदरात काय पडलं? गाळ! विहिरी खोदणाऱ्यांचं घर आपलं, आणि घरात तोंड धुवायला पाणी नाही. रांगेतल्या बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या मला."

"हसू द्या, आई," सून म्हणाली. ती चुलीपुढे बसून लाकडं सारत होती. "हसायला तरी पाणी लागत नाही."

"तू मोठी शहाणी!"

सुनेने हात झटकले आणि ती उठून दारात आली. दाराबाहेर तिचा दीर पहारेच्या टोकावर कानस घासत बसला होता. तिने त्याच्याकडे न बघताच सांगून टाकलं, "टेकडीखालची आपली विहीर पुरी करू या. चाळीस हात झालीच आहे. आणखी थोडं खाली गेलं तर पाणी लागेल, असं हे म्हणायचे."

कानस थांबली. म्हातारीच्या तोंडाचा पट्टाही थांबला, आणि ही गोष्ट त्या घरात सहसा घडत नसे.

'हे' म्हणजे सुनेचा नवरा, म्हातारीचा थोरला. त्या विहिरीच्या तळाशी, दोन वर्षांपूर्वी, सुरुंग फुटून तो गेला. तेव्हापासून तिच्यात कोणी उतरलं नव्हतं. काठावर काटेरी झुडपं टाकली होती, गुरं पडू नयेत म्हणून. माणसं तशीही तिकडे फिरकत नव्हती.

"काय म्हणता, भाऊजी?"

धाकट्याने डावा कान तिच्याकडे वळवला. उजवा त्या स्फोटातच गेला होता. खरं तर तिचं पहिलं बोलणंच त्याला नीट ऐकू आलं होतं. "तुम्ही म्हणाल तसं, वहिनी," तो म्हणाला.

दोन वर्षं तो हेच एक वाक्य बोलत आला होता. वहिनी म्हणेल तसं. लाकडं फोड म्हटलं की फोडायचा, छप्पर शाकार म्हटलं की शाकारायचा. दुसऱ्यांच्या विहिरींवर बैलासारखा राबायचा आणि घरी येऊन सगळ्यांच्या मागून जेवायचा, तेही उरलेलं. खाट सोडून जमिनीवर झोपायचा. लग्नाचं नाव काढलं की उठून जायचा. गावात सगळे म्हणायचे, दीर असावा तर असा. हे कानावर आलं की तो मान खाली घालून वाट बदलायचा.

कारण दोन वर्षांपूर्वीचा तो दिवस नेमका कसा गेला, ते त्याच्या एकट्याच्या पोटात होतं.

त्यांच्या घराण्यात सुरुंग मोजायची एक रीत होती. जितकी भोकं, तितके खडे. वाती पेटवून माणूस दोराच्या शिडीने वर आला की खडे मुठीत घ्यायचे, आणि एकेक बार झाला की एकेक खडा मागे टाकायचा. सगळे खडे संपले की तळ मोकळा. एक जरी उरला, तरी खाली एक सुरुंग न उडता दबा धरून बसलाय असं समजायचं. त्याला ते 'मुका' म्हणत. मुका राहिला की दिवस बंद. अवजारं उचलायची आणि घरी जायचं. दुसऱ्या दिवशी वरून पाणी ओतायचं, मग उतरायचं. बापाने मार देऊन शिकवलेली गोष्ट होती ती.

त्या दिवशी थोरला झाडाखाली जेवायला बसला होता आणि खडे धाकट्याकडे होते. आदल्या दिवशी खडक घामेजल्यासारखा ओला दिसला होता, म्हणजे पाणी आज लागणार होतं. गावातली बरीच माणसं बघायला जमली होती. आणि पाणी लागलं की ते पहिल्यांदा बघायचा मान नेहमी थोरल्याचा. थोरला ओंजळ भरून वर यायचा आणि लोक त्याच्या पाठीवर थापा मारायचे. धाकट्याचं काम दोर धरायचं.

पाच भोकं, पाच खडे. बार झाले चार.

पाचवा खडा त्याच्या मुठीत राहिला. त्याला कळलं होतं, अगदी स्वच्छ कळलं होतं. पण मनाने लगेच एक पळवाट काढली, की दोन एकदम झाले असतील. त्याने खडा शेजारच्या काट्यात भिरकावला आणि धूर विरतोय न विरतोय तोच शिडीवर पाय ठेवला. वरून थोरल्याची हाक आली, "वर ये! ए, वर ये!" तेव्हा दोन्ही कान शाबूत होते. हाक ऐकू आली होती. त्याने ऐकली नाही असं केलं.

मग शिडी हलली, थोरला शिडीच्या शेवटच्या पायऱ्या सोडून उडी टाकून खाली आला. दगडांच्या फटीत वात फुरफुरत होती ती थोरल्यालाच दिसली. त्याने भावाला कपारीत लोटलं आणि स्वतः त्याच्या अंगावर पडला. इतकंच. नंतरचं धाकट्याला आठवतं ते पाठीवरचं वजन. ते वजन हलत नव्हतं.

लोकांनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "मला पाच वाटले. दोन एकदम झाले असं वाटलं." लोक म्हणाले, होतं असं. ख्रिस्ती देवळाचे पाळक म्हणाले, स्वतःला दोष देऊ नकोस. म्हातारीने त्याला पोटाशी धरलं. खरं सांगायची वेळ होती ती एवढीच, आणि ती गेली. मग प्रत्येक दिवसागणिक ती आणखी लांब जात राहिली.

तेव्हापासून देवळात प्रभुभोजनाची भाकर फिरायला लागली की तो उठून बाहेर जायचा. पाळकांनी विचारलं तर म्हणायचा कान ठणकतो. महिन्यातल्या पहिल्या रविवारी बरोबर त्याच वेळेला ठणकणारा कान होता तो.

काम सुरू करायच्या आदल्या दिवशी तो पाळकांकडे गेला. पाळक शिडीवर चढून देवळाच्या पत्र्याला डांबर लावत होते. पावसाचा पत्ता नव्हता, पण माणूस आशावादी.

"एक विचारायचं होतं," धाकटा खालून म्हणाला. "जिवाला जीव दिला, तर फिटतं का?"

पाळकांनी ब्रश डब्यात ठेवला. "कुणाचं?"

"असंच. आपलं उगीच."

"उगीच विचारायला एवढ्या उन्हात कोणी येत नाही." ते दोन पायऱ्या खाली उतरले. "हे बघ, आपल्याला काही फेडता येत नाही, हेच तर आपण दर रविवारी इथे म्हणतो. एकाने आपला जीव दिला तो सगळ्यांसाठी दिला. तो देऊन झालाय. आता आपण फक्त घ्यायचं."

"नुसतं घ्यायचं?"

"हो. आणि तेच अवघड जातं, राबणाऱ्या माणसाला तर फारच. काय झालंय रे?"

"काही नाही. डावीकडचा खिळा वर आलाय बघा," धाकटा म्हणाला आणि चालता झाला. नुसतं घ्यायचं! त्याला ते फसवल्यासारखं वाटलं. चोराने चोरी करायची आणि वर पंगतीला बसायचं?

काम सुरू झालं. तो खाली, वहिनी वर. तळात तो दोन वर्षांनी पहिल्यांदाच उतरत होता. कपार तशीच होती. समोरच्या खडकावर काळा डाग होता, सुरुंगाच्या दारूचा की कशाचा ते त्याने पाहिलं नाही. त्याने पहार उचलली आणि ठोकायला लागला. वहिनी रहाटाने दगडाची बादली ओढायची, रिकामी करून खाली सोडायची. तिचे तळवे सोलवटले, तिने चिंध्या बांधल्या आणि ओढत राहिली. म्हातारी दुपारी डबा घेऊन यायची, काठापासून वीस पावलांवर बसायची आणि तिथूनच ओरडायची, "मेल्या, जेवायला ये! की तुझा डबा दोराने खाली सोडू?"

असे नऊ दिवस गेले. दहाव्या दिवशी खडक लागला, काळा आणि चिवट. पहारेने ठिणग्या उडायला लागल्या. सुरुंगाशिवाय इलाज नव्हता. दारू आणि वाती कोठीत होत्याच. धाकट्याने पाच भोकं पाडली, दारू भरली, लाकडी दांड्याने ठासली. पाच का, चार का नाहीत, असं कोणी विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं. खडकाला पाचच लागत होती.

"मोजायचं तुम्ही, वहिनी," तो वर येऊन म्हणाला. "माझा एक कान गेलेला."

वहिनीने पाच खडे निवडले आणि पदरात घेतले. तो खाली गेला, वाती पेटवल्या, वर आला. दोघं मातीच्या ढिगाऱ्याआड बसले. त्या दिवशी म्हातारी घरीच थांबली होती. मला तो आवाज नको, म्हणाली.

पहिला बार झाला. जमीन हलली, वहिनीने खडा टाकला. दुसरा. तिसरा जरा उशिरा. मग चौथा.

मग काही नाही.

धूर वर आला आणि पांगला. एक कावळा जाऊन पुन्हा झाडावर बसला. धाकट्याने बराच वेळ वाट पाहिली आणि त्याच्या आत काहीतरी एकदम शांत झालं. पाच भोकं, चार बार. तेच. त्याला वाटलं, बोलावणं आलं. इतके दिवस ज्याची वाट बघत होतो ते हे. तळात उतरायचं, पहार घालायची, आणि हिशेब संपला.

तो उठला. "झाले पाच," तो म्हणाला. "मी उतरतो."

"चार झालेत."

"पाच झाले. दोन एकदम झाले."

वहिनीने मूठ उघडली. तिच्या चिंध्या बांधलेल्या तळव्यावर एक खडा होता.

"बसा खाली, भाऊजी."

"वहिनी, मला एका कानाने ऐकू येतं, पण..."

"खाली बस!" ती किंचाळली. या घरात आल्यापासून तिने त्याला कधी एकेरी हाक मारली नव्हती. "बस म्हणते ना! तेव्हाही चारच झाले होते. तेव्हाही!"

तो होता तिथेच बसला.

"तुम्हाला माहीत होतं?"

"मी डबा घेऊन आले होते. हे जेवत होते. घास हातात होता. म्हणाले, चारच झाले. मग बघतात तर तू शिडीवर. घास तसाच टाकून पळाले ते." तिचा आवाज आता खाली आला होता. "चार झालेत हे त्यांना ठाऊक होतं. ठाऊक असून उतरले. दोन वर्षं मी वाट बघतेय, कधीतरी येऊन म्हणशील, वहिनी, माझं मोजणं चुकलं."

इथे गप्प बसला असता तर निभावलं असतं. चूक कोणाचीही होते. पण धाकट्याला आता गप्प बसवेना.

"मोजणं चुकलं नाही," तो म्हणाला. "मी बरोबर मोजलं होतं. खडा माझ्या मुठीत उरला होता. मी तो फेकून दिला. त्या काट्यांत, तिथे. मला पाणी पहिल्यांदा बघायचं होतं. दादाच्या आधी. दादाने हाक मारली तीही मी ऐकली होती."

वहिनी त्याच्याकडे बघत राहिली. हे तिला ठाऊक नव्हतं. तिने हातातला खडा जिवाच्या आकांताने त्याच्याकडे फेकला. खांद्याला लागला. मग ती उठली, झाडाखाली गेली आणि त्याच्याकडे पाठ करून बसली.

ऊन डोक्यावर आलं, मग कललं. तो हलला नाही. तिचे खांदे हलताना दिसायचे, मग थांबायचे, मग पुन्हा. तिच्याजवळ जाऊन पाया पडावं असं त्याला वाटलं, पण आपल्या अंगाचाच त्याला विटाळ वाटत होता. विहिरीत उतरायला आता कोणी अडवत नव्हतं. शिडी समोर होती. तो शिडीकडे बघत बसला.

वहिनी झाडाखालचा डबा घेऊन परत आली तेव्हा तिचे डोळे सुजले होते. ती त्याच्या डाव्या अंगाला बसली, जिकडून ऐकू येतं तिकडे.

"पाण्यासाठी," ती म्हणाली. "ओंजळभर पाणी पहिल्यांदा बघायला मिळावं म्हणून."

"हो."

"मला तुझा गळा दाबावासा वाटतोय."

"दाबा."

"तेच तर! तू लगेच मान पुढे करतोस." तिने नाक पुसलं. "ऐक. मीसुद्धा काही धुतल्या तांदळासारखी नाही. तू उरलेलं खायचास, जमिनीवर झोपायचास, ते मला बरं वाटायचं. एकदाही म्हणाले नाही, अरे, खाटेवर झोप. म्हणायचे, भोगू दे. मनात कुजत ठेवलं आणि वरून देवळात जाऊन भाकर घेतली. तू निदान बाहेर तरी जायचास."

तिने शिडीकडे बघितलं.

"आज तू खाली मरायला निघाला होतास. खरं की नाही?"

त्याने मान हलवली.

"तुझं मरण घेऊन मी काय करू? चुलीत घालू? एक मरण झालंय या विहिरीत. ते तुझ्यासाठी झालं. तू चांगला होतास म्हणून नाही, तू खोटा होतास तेव्हाच झालं, आणि त्यांना ते ठाऊक होतं. आता तू पुन्हा मेलास, तर माझा नवरा फुकट गेला. इतकं तरी कळतं का तुला?"

तेव्हा धाकटा रडला. दोन वर्षांत पहिल्यांदा, लाज सोडून, लहान पोरासारखा रडला. वहिनीने त्याच्या पाठीवरून हात फिरवला नाही. तेवढं तिला जमलं नाही. तिने डबा उघडला आणि दोन भाग केले, अगदी सारखे.

"मी तुम्हाला क्षमा केली," ती म्हणाली. 'तुम्हाला' परत आलं होतं. "उद्या सकाळी उठल्यावर मला पुन्हा करावी लागेल, कारण आत्ता सगळं आत जळतंय. पण उद्याही करीन. परवाही. जेवा."

तो जेवला. तिच्याबरोबर, तिच्यासमोर, ताजं.

"आईला तुम्हीच सांगायचं," डबा बांधताना ती म्हणाली. "माझ्याच्याने व्हायचं नाही."

मुका राहिला होता, म्हणून दिवस बंद. दोघांनी अवजारं उचलली आणि घरी गेले.

म्हातारी सुपात धान्य निवडत होती. तो तिच्यासमोर जमिनीवर बसला आणि त्याने सगळं सांगितलं, खड्यासकट, हाकेसकट. म्हातारीचा हात सुपात फिरत राहिला. सांगून झालं तरी ती खडे वेचत होती. मग तिने सूप बाजूला ठेवलं आणि त्याच्या मुस्काटात मारली. एक, दोन, तीन. म्हातारपणी हातात जोर कुठला, पण तिसऱ्याला तिचीच बोटं दुखली असावीत, कारण ती स्वतःचा हात धरून बसली.

"माझं सोन्यासारखं पोर रे," ती म्हणाली. आणि त्याचं डोकं दोन्ही हातांनी ओढून मांडीवर घेतलं आणि ओक्साबोक्शी रडली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "मला वाटायचं दोन्ही गेले. थोरला मेला आणि हा त्याच्याबरोबर खालीच राहिला. दोन वर्षं घरात नुसतं भूत हिंडतंय. आज वर आलास, मेल्या."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मुक्यावर पाणी ओतलं. घरातलं सगळं पिण्याचं पाणी ओतलं, शेजारच्या गावाहून आणलेल्या दोन घागरी होत्या तेवढ्या. म्हातारी बडबडत होती की पाण्यासाठी पाणी घालवणारं हे एकच घर जगात, पण तिसरी अर्धी घागर तिनेच शेजारणीकडून मागून आणली. दारू भिजू दिली, मग धाकट्याने मुक्यापासून एक हात सोडून नवं भोक पाडलं आणि बार घेतला. वहिनीने एक खडा मुठीत धरला होता. तो तिने टाकला. मूठ रिकामी झाली ती दोघांनी पाहिली.

पाणी लागायला आणखी चार दिवस लागले. बोटाएवढी धार, कपारीच्या खालून. धाकट्याला ती दिसली. तो पहार टाकून शिडीजवळ आला आणि वर ओरडला, "वहिनी, पहिल्यांदा तुम्ही बघा. उतरा."

"मी? साडी नेसून शिडीवर?"

"मी धरतो शिडी."

ती उतरली. घाबरत, त्याला शिव्या घालत उतरली. तिने ओंजळ धरली, पाणी गढूळ होतं. ती ते पीत नव्हती, नुसती बघत होती. कपारीला हात लावून ती थोडा वेळ उभी राहिली. वरून म्हातारी ओरडत होती, "गोड आहे की खारं? मेल्यांनो, सांगाल की नाही!" पहिल्यांदाच ती अगदी काठाशी आली होती.

मग महिन्याचा पहिला रविवार आला. धाकट्याचा कान ठणकला नाही. तो म्हातारीच्या आणि वहिनीच्या मधे बसला होता. त्यांच्या देवळात भाकरीचं ताट हातोहात फिरायचं, आणि देणाऱ्याने घेणाऱ्याला म्हणायचं, हे तुझ्यासाठी दिलं. ताट वहिनीकडे आलं. तिने तुकडा घेतला आणि ताट त्याच्यापुढे धरलं. तिच्या तळव्यावरच्या जखमांना खपल्या धरल्या होत्या. ती थोडी थांबली. आज सकाळची क्षमा तिने बहुतेक तेव्हाच केली.

"हे तुझ्यासाठी दिलं," ती म्हणाली.

त्याचा हात ताटाजवळ गेला आणि थांबला. त्याच हाताने त्याने खडा फेकला होता. हात पुढे जात नव्हता, मागेही येत नव्हता.

म्हातारीने त्याला कोपराने ढोसलं.

"घे की रे," ती म्हणाली. हळू म्हणाली असं तिला वाटलं, पण शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं. "मागे माणसं ताटकळलीत."

त्याने घेतलं.